चाळीस जणांना परत पाठवणारा किल्लेदार

पत्र

महोदय,

मी खानापूर तालुक्यातील एका गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदाच्या गणेशोत्सवासाठी मी गावातील मंडळींकरिता एक दोन अंकी नाटक लिहिले आहे. गड काल्पनिक आहे, माणसेही काल्पनिक आहेत. घाटमाथ्यावरील एका लहान गडाला वेढा पडलेला आहे, दाणागोटा संपत आला आहे आणि किल्लेदाराजवळ चाळीस माणसे उरली आहेत. अमावास्येच्या रात्री तो त्या सर्वांना चोरवाटेने खाली उतरवतो. "तुम्ही पुढे व्हा, मी शेवटी येतो," असे सांगतो, मागे राहण्याचा हट्ट धरणाऱ्या सबनिसाला, म्हणजे गडाचे दप्तर सांभाळणाऱ्या कारभाऱ्याला, भवानीची शपथ घालतो आणि स्वतः थांबतो. गड अजून भरलेला आहे असे शत्रूला वाटावे म्हणून रात्रभर एकटाच तटावर पलिते लावत फिरतो, नगारा वाजवतो, आणि पहाटे शत्रू दरवाजा फोडून आत शिरताच दारूकोठाराला बत्ती देतो. बायकोसाठी त्याने निरोप दिलेला असतो, "मी हसत गेलो म्हणून सांगा."

नाटकाचे पहिले वाचन आमच्या पडवीत झाले. बहुतेकांचे डोळे पाणावले. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते शेवटपर्यंत बसले, चहाचा पेला स्वतः विसळून उपडा ठेवला आणि जाताना एवढेच म्हणाले, "तुझा किल्लेदार स्वार्थी आहे. चाळीस जणांना पळपुटं केलं आणि एकटा मोठा झाला." तेव्हापासून मला काही सुचत नाही. बेळगावात शिकणारा धाकटा भाऊ म्हणतो की त्याग असे काही नसतेच, जो तो आपल्या समाधानासाठीच करतो. जो जीव देतो तो स्वार्थी कसा असू शकेल? आणि मी नाटकाचा शेवट बदलावा का?

एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर

शेवट बदलू नका. आबांचे म्हणणे तुमच्या किल्लेदारापुरते बरोबर आहे, आणि तरीही शेवट बदलू नका. यात तुम्हाला विसंगती वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धाकट्या भावाचा मुद्दा आधी बाजूला काढू, कारण तो ऐकायला बिनतोड वाटला तरी त्यात फारसा दम नाही. पावसाळ्यात मलप्रभा दुथडी भरून वाहत असताना शेजाऱ्याचे वासरू वाहून चालले आणि एखाद्याने उडी घेऊन ते काठाला लावले, तर त्याला समाधान वाटणारच. पण ते वाटते कशामुळे? वासरू जगावे असे त्याला आधीपासून वाटत होते म्हणून. ज्याला त्या वासराचे काहीच नाही, त्याला ते वाचल्याचे समाधान कुठून मिळणार? कळकळ आधी असते आणि समाधान तिच्या मागून येते. शिवाय प्रत्येक कृतीला स्वार्थ म्हणायचे ठरवले की तो शब्दच निकामी होतो. मग पाण्यात उडी घेणारा आणि काठावर उभे राहून मालकाशी वासराचा भाव ठरवणारा, या दोघांत फरक करायला आपल्याजवळ शब्द उरत नाही. भावाला एवढे सांगा आणि नाटकात त्याला नगाऱ्यावर बसवा. त्या वयात असे युक्तिवाद सगळेच करतात. मीही केले आहेत.

आबांचा आक्षेप असा पोकळ नाही. त्यांनी 'सगळेच स्वार्थी' असे म्हटलेले नाही. 'तुझा किल्लेदार' असे म्हटले आहे आणि त्याचे कारणही एका वाक्यात दिले आहे.

आपल्या सीमाभागात असे बोलणे सोपे नाही, हेही लक्षात घ्या. हुतात्मा हा शब्द आपल्यासाठी केवळ पाठ्यपुस्तकातला नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात झालेल्या गोळीबारात गेलेल्यांना आपण दरवर्षी त्याच तारखेला अभिवादन करतो, आणि त्यांच्याबाबत स्वार्थ की परार्थ हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. तो येऊही नये, कारण मरण त्यांनी निवडले नव्हते, ते त्यांच्यावर येऊन कोसळले. तुमच्या किल्लेदाराने मात्र मरण निवडले, त्याची वेळ ठरवली, जागा ठरवली, आणि त्या वेळी जवळ कोण असावे व कोण नसावे हेही ठरवले. ज्याने एवढे सगळे स्वतःच्या हाताने ठरवले त्याला चार प्रश्न विचारण्यात त्याचा अपमान नाही.

पहिला प्रश्न अर्थातच कीर्तीचा. जीव देणाऱ्या वीराला आतून नाव हवे असते, आणि म्हणून तो स्वार्थी, असे पुष्कळजण म्हणतात. या बाबतीत महाभारत आपल्यापेक्षा कितीतरी मोकळे आहे. वनपर्वात सूर्य कर्णाच्या स्वप्नात येऊन सावध करतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येईल आणि कवचकुंडले मागेल, ती देऊ नकोस. त्यावर कर्ण आडपडदा न ठेवता सांगतो की मला जिवापेक्षा कीर्ती प्यारी आहे. सूर्याचे उत्तर एखाद्या संसारी माणसाला शोभेल असे आहे: जो मेला त्याला आपली कीर्ती कळत नाही, ती जिवंतपणीच भोगता येते. कर्ण ऐकत नाही, तेव्हा निदान बदल्यात अमोघ शक्ती तरी मागून घे, असे सूर्य सुचवतो आणि ते मात्र कर्ण मानतो. म्हणजे हे दान पूर्णपणे निरपेक्षही नाही. तरीसुद्धा हजारो वर्षे आपण कर्णाला दानशूर म्हणत आलो आहोत, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. नाव हवे असणे हे माणसाचे लक्षण आहे. त्या एका कारणावरून कुणाला स्वार्थी ठरवायचे म्हटले तर रणांगणावर कुणीच उभा राहायचा नाही.

माझा कर्णाला प्रश्न वेगळा आहे. त्याने दुर्योधनाला विचारले का? ज्याच्या भरवशावर दुर्योधनाने सगळ्या वैराचे गणित मांडले होते आणि जो पुढे सोळाव्या दिवशी कौरवांचा सेनापती झाला, त्याच्या अंगावरची कवचकुंडले तोवर एकट्या कर्णाची उरली नव्हती. त्यांच्या आसऱ्याला एक अख्खी सेना उभी राहणार होती. आपले म्हणून जे त्याने देऊन टाकले त्यात दुसऱ्यांचाही वाटा होता, आणि त्या वाटेकऱ्यांना त्याची खबर नव्हती. दाता म्हणून कर्ण थोर आहे. सेनानायक म्हणून त्या वेळी तो बेजबाबदार वागला. ही दोन्ही विधाने मी एका दमात करतो आणि त्यातले एकही मागे घेत नाही.

आता सरहद्दीपलीकडे, गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीला चला. तुमच्यापैकी बऱ्याचजणांनी तिथले स्मारक पाहिले असेल. १६७३ मध्ये उमराणीला सरनोबत, म्हणजे सरसेनापती, प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला कोंडीत पकडले, आणि तो शरण आल्यावर सोडून दिले. खान उलटला. महाराज संतापले, त्याचा फडशा पाडल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचे त्यांनी कळवल्याचे बखरी सांगतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापरावांनी अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर घोडे घातले आणि सातही जण पडले. हा प्रसंग ऐकताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण अंगावर काटा आणणारे सगळे शहाणपणाचे असते असे नाही. त्या सात जणांच्या मरणाने खान मागे हटला नाही आणि कुणाची सुटकाही झाली नाही. राज्याभिषेकाला जेमतेम साडेतीन महिने उरले असताना स्वराज्याने आपला सरनोबत गमावला. प्रतापरावांच्या मनात त्या क्षणी काय होते हे आपण कोण सांगणार, परंतु जे घडले त्यावरून एवढे दिसते की स्वामींच्या शब्दाने लागलेला डाग धुणे त्यांना सेनेच्या हितापेक्षा जवळचे वाटले. पुढे महाराजांनी त्यांची मुलगी राजारामांसाठी सून करून घेतली. मला त्यात गौरवाइतकेच दुःख दिसते. रागाच्या भरात लिहिलेल्या एका वाक्याची ही परतफेड असावी असे वाटते. हा माझा तर्क आहे, तो इतिहास म्हणून घेऊ नका.

याच्याशेजारी घोडखिंड ठेवून पाहा. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी खिंड अडवली तेव्हा महाराजांना समोरासमोर सांगून अडवली. बरोबरच्या मावळ्यांना आपण इथे कशासाठी थांबलो आहोत हे ठाऊक होते. आणि परंपरेने सांगितलेली तोफांची खूण मला या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते: महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफा होतील, तोवर खिंड सोडायची नाही. म्हणजे त्या त्यागाला माप होते. मरणे हे काम नव्हते, तोफा होईपर्यंत टिकणे हे काम होते, आणि ते काम जिवंत राहून झाले असते तर बाजीप्रभूंना ते नको होते असे म्हणायला कसलाही आधार नाही.

आबांच्या पलटणीतील दोन नावे तर त्यांना झोपेतही आठवत असतील. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले, आणि गोळ्या संपल्यावर मॅगझिन बदलायलाही वेळ नसल्याने बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना लोळवून त्यांनी मोर्चा घेतला. मग लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. ते एकटे गेले, परंतु त्यांनी कुणाला मागे लोटले नव्हते. बरोबर यायला कुणी उरलेच नव्हते. दुसरे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर ते कंपनीचे निरोप्या होते. त्यांनी भर माऱ्यात दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले, मग परत फिरून शत्रूचे मोर्चे मोडले, बांधावर उभे राहून मराठ्यांची रणघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते पुढे कित्येक वर्षे जगले. ज्या पलटणीच्या स्मरणात हे दोघे शेजारी शेजारी बसलेले आहेत, तिथल्या माणसाला केवळ मरणाने भुरळ पडत नाही.

आता तुमच्या गडावर येतो, आणि इथे मला जरा रेंगाळायचे आहे.

तुम्ही सबनिसाचे पात्र घातले आहे, पण शिवकाळात गडावर सबनीस का असे, हे नाटकात कुठेही जाणवत नाही. महाराजांनी गड एका माणसाच्या हाती कधीच ठेवला नाही. हवालदार (म्हणजेच किल्लेदार), सबनीस आणि गडाचा सरनोबत असे तीन कामगार एकाच योग्यतेचे नेमले जात, आणि कोठारे पाहायला कारखानीस वेगळा असे. एकाने फितूर व्हायचे ठरवले तरी त्याला गड परस्पर देता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तुमचा किल्लेदार फितूर नाही, उलट निष्ठेचा कळस आहे, परंतु त्याने केले काय? तिघांनी मिळून घ्यायचा निर्णय त्याने एकट्याने घेतला, सबनिसाला शपथेने बांधून गप्प केले आणि कारखानिसाच्या ताब्यातले दारूकोठार स्वतःच्या मरणासाठी वापरले. फितुरी रोखण्यासाठी केलेली व्यवस्था त्याने त्यागासाठी मोडली. तुम्ही हे जाणूनबुजून लिहिले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पत्रावरून तसे वाटत नाही.

मग ते चाळीस जण. दुसऱ्या दिवशी ते मुख्य छावणीत पोहोचतील तेव्हा पहिला प्रश्न येणार, "किल्लेदार कुठं?" ते काय सांगणार? आम्हाला हुकूम होता, असे त्यांना म्हणता येत नाही, कारण त्याचा मागे राहण्याचा बेत त्यांना ठाऊकच नव्हता; 'शेवटी येतो' या शब्दावर ते निघाले होते. त्यांच्या गावात, त्यांच्या मुलांच्या लग्नात, म्हातारपणी देवळाच्या कट्ट्यावर, धन्याला सोडून आलेला म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाईल आणि त्यांच्याजवळ उत्तर नसेल. किल्लेदाराने त्यांचे जीव वाचवले, हे खरे आहे. त्या बदल्यात त्यांच्यापासून काय काढून घेतले, हे त्याने त्यांना विचारले नाही. एखाद्याने 'मी थांबतो' म्हटले असते, एखाद्याने 'मला घरी दोन पोरी आहेत, मी जातो' म्हटले असते, आणि दोघांनीही ते ताठ मानेने म्हटले असते. ती संधी त्याने एका खोट्या वाक्याने बंद केली. आबा ज्याला स्वार्थ म्हणतात तो मला इथे दिसतो. मरण्यात नव्हे, मरणाचा सगळा मान न विचारता एकट्याकडे ठेवून घेण्यात.

एक गंमत सांगतो. शाळेत असताना गॅदरिंगला मीही अशाच एका नाटकात होतो, आणि माझे काम परत पाठवल्या जाणाऱ्या मावळ्यांपैकी एकाचे होते. पहिल्या अंकात मुजरा करून आत जायचे, ते थेट नाटक संपल्यावर मिशा काढायलाच बाहेर यायचे. विंगेत बसून आम्ही भडंग खात नायकाचे वीस मिनिटांचे भाषण ऐकायचो. आमच्यापैकी एकालाही वाक्य नव्हते. आज वाटते की त्या नाटकातली सगळ्यांत खरी गोष्ट तीच होती: ज्यांना वाचवले, त्यांना बोलायला जागा ठेवलेली नव्हती.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नका. इतिहासातल्या वीराला परिस्थिती मारते, नाटकातल्या वीराला लेखक मारतो. तुमच्या गडावरून चोरवाट आहे, ती रात्रभर मोकळी आहे, आणि तोफेला बत्ती द्यायचा तोडा सावकाश जळतो हे त्या काळच्या कुठल्याही गोलंदाजाला माहीत होते. पहाटेच्या सुमारास कोठाराला लांब वात लावून किल्लेदाराला त्याच वाटेने उतरता आले असते. मग तो का उतरत नाही? तुम्ही काहीच कारण दिलेले नाही. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून तुम्ही त्याला थांबवून घेतले आहे. म्हणजे स्वार्थाचा थोडा वाटा लेखिकेकडेही जातो. आबांनी गड, वाट आणि कोठार यांचा हिशेब मनात मांडला असणार. सुभेदाराला ती सवय असते. तो हिशेब जुळला नाही, आणि तुमच्या पडवीत रडणाऱ्यांपैकी दुसऱ्या कुणी तो मांडला नव्हता.

बायकोच्या निरोपाबद्दल दोनच वाक्ये. 'मी हसत गेलो' हे ऐकून तिचे कोणते काम सोपे होणार आहे, याचा विचार किल्लेदाराने केलेला नाही, कारण तो निरोप तिच्यासाठी नसून प्रेक्षकांसाठी आहे. तिला सांगायचेच असेल तर देणे किती राहिले आहे आणि बैलजोडी कुणाकडे आहे, असे काही सांगा; ते ऐकताना लोक अधिक रडतील.

या सगळ्यानंतर तुम्ही विचाराल की मग शेवट बदलू नका असे का म्हणता. कारण जो स्वार्थी नाही असा निर्मळ पुतळा रंगमंचावर उभा करण्यात मला काही रस नाही आणि तुम्हालाही नसावा. आपल्या माणसांवर जीव असलेला, त्यांच्यासाठी खरोखर मरायला तयार असलेला, आणि तरीही मरणाचा मान वाटून घ्यायला तयार नसलेला नायक हा फार मोठा ऐवज आहे. त्याचे वागणे थोरपणाचेही आहे आणि अप्पलपोटेपणाचेही, आणि त्यांची शिवण उसवता येत नाही. दोष एवढाच आहे की हे आबांना कळले, पण नाटकाला कळलेले नाही. नाटकातल्या एका तरी माणसाला ते कळू द्या.

तो माणूस सबनीस असावा असे मला वाटते. दुसऱ्या अंकात किल्लेदाराच्या भाषणाला कात्री लावा आणि चोरवाटेवरचा एक प्रवेश घाला. चाळीस जण अंधारात उतरत आहेत. शेवटच्या वळणावर सबनीस मागे पाहतो. वर तटावर एक पलिता पेटतो. मग थोड्या वेळाने पुढच्या बुरुजावर दुसरा. मग आणखी तेवढ्याच वेळाने तिसरा. सोबतचे खूश होतात की शत्रूला फसवायला पलिते लागले. सबनीस मात्र मनात मोजतो आहे. दोन पलिते एकदम कधीच पेटत नाहीत. दर दोन पलित्यांमध्ये एक माणूस चालत जायला लागेल तेवढाच वेळ जातो आहे. वर एकच माणूस आहे, तो शेवटी येणार नाही, आणि आपल्याला शपथ कशासाठी घातली हे त्याला त्या वळणावर समजते. तो ओरडू शकत नाही, कारण खाली शत्रू आहे. परत फिरू शकत नाही, कारण शपथ आहे आणि पाठीशी एकोणचाळीस माणसे आहेत ज्यांना जंगलातून पार न्यायला आता दुसरे कुणी नाही. इथे त्याने किल्लेदाराला मनातल्या मनात काय म्हणावे, ते तुम्ही लिहा. त्यात माया असू द्या आणि एखादी शिवीही असू द्या. आपल्याकडच्या माणसाला अशा वेळी शिवी आल्याशिवाय राहत नाही, आणि गणपतीपुढे चालत नसेल तर ओठातल्या ओठात देऊ द्या.

हा प्रवेश लिहिला की किल्लेदार खाली का उतरला नाही याचेही उत्तर तुम्हाला शोधावे लागेल. एखादे व्यवहाराचे कारण सापडले, वात भिजलेली होती किंवा त्याचा पाय जायबंदी होता, तर नाटक बाजीप्रभूंच्या बाजूला झुकेल. कारण सापडलेच नाही आणि त्याला केवळ थांबायचे होते असे ठरले, तर ते नेसरीकडे झुकेल. दोन्ही नाटके चांगली होऊ शकतात. मला स्वतःला दुसरे पाहायला आवडेल, परंतु गावच्या मंडळाची तयारी किती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत.

राहिले आबा. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका आणि क्षमाही मागू नका; त्यांनी तुम्हाला रागावून काही म्हटलेले नाही. त्यांनी सगळे नाटक ऐकले, त्यातल्या चाळीस जणांच्या बाजूने एक वाक्य बोलले आणि ते गेले. हे वाक्य त्यांच्याकडे कुठून आले, हे त्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील, आणि नाही सांगितले तर उकरून काढू नका. नोकरीत कोण पुढे गेले आणि कोण मागे राहिले याच्या आठवणी पडवीत सगळ्यांसमोर निघत नसतात. त्यांच्याकडे कामापुरते जा. चोरवाटेचा प्रवेश लिहून झाला की संध्याकाळी एकट्या जा आणि त्यांना विचारा की पोटात दोन दिवस धड अन्न नसलेला माणूस, हातात पेटता पलिता घेऊन, अंधारात, ओबडधोबड तटावरून एका बुरुजापासून दुसऱ्या बुरुजापर्यंत जायला किती वेळ घेईल. तुमच्या रंगमंचावर दोन पलित्यांमध्ये नेमके तेवढेच अंतर ठेवावे लागेल, आणि ते मला किंवा तुम्हाला बसल्या जागी सांगता येणार नाही. ते बहुधा उठून पडवीत चालून दाखवतील. तुम्ही घड्याळ घेऊन जा.